पॉजमध्ये पडलेलं वाक्य

नाट्यगृहाच्या डाव्या विंगेत, काळ्या पडद्यामागे, एक लोखंडी खुर्ची आहे. ती करकरते म्हणून तिच्या एका पायाखाली रबराचा तुकडा सारलेला आहे. शेजारी छोटा दिवा, दिव्यावर निळा कागद. त्या निळ्या उजेडात बसून एक बाई गेली कित्येक वर्षं दुसऱ्यांची वाक्यं सांभाळते आहे. कंपनीत तिला सगळे कुजबूज म्हणतात. घरी मोठी बहीण चिमी म्हणते. तिचं खरं नाव पगाराच्या दिवशी मॅनेजरच्या तोंडून ऐकू येतं, तेव्हा तिला स्वतःलाच वळून बघावंसं वाटतं.

ती आली होती कपडे शिवायला. तालमीत कोपऱ्यात बसून बटणं लावता लावता तिचे ओठ हलायचे. एकदा नटी अडली आणि कोपऱ्यातून वाक्य आलं, आवाज इतका खाली की नटीला ते स्वतःलाच आठवल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवसापासून सुई सुटली.

वाक्य काय, कुणीही वाचून देईल. प्रॉम्प्टरला शांतता वाचता यावी लागते. नट थांबतो ते दोन तऱ्हांनी. एकदा तो थांबतो तेव्हा श्वास खाली पोटात असतो, मान स्थिर असते, डोळे कशावर तरी टेकलेले असतात. ही भरलेली शांतता. तिच्यात छप्पर कोसळलं तरी तोंड उघडायचं नाही. दुसऱ्यांदा श्वास वर गळ्यात अडकतो, बोटं काहीतरी शोधायला लागतात, शर्टाचं बटण, टेबलाची कड. ही रिकामी. तिच्यात पहिले दोन शब्द द्यायचे, फक्त दोन. कुजबूजला हा फरक नटाच्या पाठीवरून कळायचा. भरलेल्या शांततेत तिने कधीच वाक्य टाकलं नव्हतं. तिच्या आयुष्यात मिरवण्यासारखं दुसरं फारसं काही नव्हतं, पण हे होतं.

आणि दुसरी एक कला तिला येत होती, जिच्याबद्दल कंपनीत कुणालाच माहीत नव्हतं. तिला आवाज न करता दुखता यायचं.

शाळेपासून. दर महिन्याला पोटात खालच्या बाजूला कुणीतरी ओला टॉवेल पिळावा तसं. आई म्हणायची, सगळ्यांचंच दुखतं, तू काय जगावेगळी? आत्या म्हणायची, लग्न झालं की जातं. लग्न झालं. दुखणं राहिलं, नवराच गेला. मूल होत नाही हे त्याने कारण सांगितलं. मूल का होत नाही हे शोधायला मात्र तो थांबला नाही. ती मोठ्या बहिणीकडे राहायला आली. ताई मुलींच्या वसतिगृहात देखरेखीला होती. दोन खोल्या, जिन्याखाली नळ, आणि भिंतीपलीकडे दिवसभर खाकरणारा शेजारी.

डॉक्टर बरेच करून झाले. एकाने पित्त सांगितलं. एकाने टेन्शन घेऊ नका म्हणून सांगितलं आणि त्याचीही गोळी दिली. एक जण म्हणाला, "बाई, दुखणं सहन करायची शक्तीच कमी दिसते तुमच्यात." ती तेव्हा सरळ बसून, दात न दाबता, चेहरा जागेवर ठेवून ते ऐकत होती. ताईला घरी येऊन सांगताना मात्र हसली. "त्याला म्हणावं, एक प्रयोग माझ्या खुर्चीत बसून बघ."

ताईने तिच्यापरीने उपाय शोधला होता. वसतिगृहातल्या कुणीतरी बाईने दिलेली हिरवी पावडर. डब्यावर लिहिलेलं होतं, प्रतिकारशक्ती वाढवणारी. रोज सकाळी कोमट पाण्यात एक चमचा, आणि ताई समोर उभी.

"पी."

"ताई, कडू नाही ग, हे अपमानास्पद आहे."

"पी म्हटलं ना. अंगात ताकद नाही म्हणून हे सगळं होतंय. एकदा ताकद आली की शरीर आपणहून फेकून देईल बाहेर."

ताईचा या 'फेकून देईल'वर फार विश्वास होता.

नव्या नाटकाच्या तालमी सुरू झाल्या तेव्हा दुखणं महिन्याचे दिवस सोडून इतर दिवसांतही पसरायला लागलं होतं. लघवीला जाताना, बसताना, कधी डाव्या कमरेत नुसतंच जडपण. ताईनेच धरून नेलं. रंगाच्या दुकानाच्या वर डॉक्टरीणबाईंचा दवाखाना. जिन्यात टर्पेंटाइनचा वास, वर गेल्यावर मासे नसलेली काचेची टाकी, पाणी मात्र बुडबुडत होतं. बाई बोलायला कमी. सोनोग्राफीचं यंत्र तिच्या पोटावरून बराच वेळ फिरवलं, मग पुन्हा डाव्या बाजूला आल्या, मग पुन्हा. ती छताकडे बघत होती. ही शांतता कुठली, ते तिला ओळखता येईना. डॉक्टरांची पाठ वाचायची तिला सवय नव्हती.

मोठं स्कॅनही झालं. मग डॉक्टरीणबाईंनी दोघींना समोर बसवलं.

"एंडोमेट्रिओसिस आहे. गर्भाशयाच्या आत जसं अस्तर असतं, तसलंच बाहेर वाढलंय. पोटात, अंडाशयावर, आतड्याच्या बाजूला."

"बाहेर गेलं कसं?" ताईने विचारलं, जणू दार कुणी उघडं ठेवलं असा सूर.

"पाळीच्या वेळी थोडं रक्त नळ्यांतून उलटं पोटात जातंच. बहुतेक बायकांचं जातं. शरीरातल्या सफाईच्या पेशी येतात, खाऊन टाकतात, विषय संपतो. यांच्या पेशी येतात, पण खात नाहीत. त्यांना ती जखम वाटते. जखम दिसली की त्या काय करणार? भरून काढणार. तिथे नव्या रक्तवाहिन्या आणतात, मज्जातंतू आणतात, वरून कडक पापुद्रे चढवतात. टाकून द्यायचं त्यालाच पोसतात. म्हणून सूज, म्हणून दुखणं, म्हणून आतलं एकमेकांना चिकटलंय." मग त्यांनी चष्मा काढला. "निदान आज आम्हाला जेवढं कळलंय ते असं. पूर्ण कुणालाच कळलेलं नाही."

"म्हणजे त्या मदतच करतायत," कुजबूज म्हणाली.

"हो. तीच तर पंचाईत आहे."

ताईने पर्समधून डबा काढून टेबलावर ठेवला. "मी हिला हे देते. प्रतिकारशक्तीसाठी."

डॉक्टरीणबाईंनी डबा उलटसुलट करून बघितला. "वाढवून काय करणार? ती कमी नाहीये. कामाला लागलेली आहे, नको त्या. आणि यात काय काय आहे हे कुठेच लिहिलेलं नाही. बंद करा. त्यांच्या किडनीला मला आत्ता कुठलाही अनोळखी पाहुणा नको."

"किडनीला?" ताईचा आवाज बदलला.

मग ते कळलं. त्या कडक पापुद्र्याने डाव्या मूत्रपिंडापासून खाली येणारी नळी आवळली होती. लघवी वर तुंबत होती, मूत्रपिंड फुगलं होतं. किती दिवसांपासून, सांगता येत नव्हतं.

"पण तिथे तर काही दुखत नाही. जरा जड वाटतं एवढंच."

"दुखणं किती, यावरून आजार किती ते ठरत नाही. ही किडनी गुपचूप जाते. ऑपरेशन करून नळी मोकळी करायची, ही सगळी वाढ काढायची, आणि नंतर हार्मोनची गोळी चालू ठेवायची, नाहीतर पुन्हा उगवतं."

"या पेशींनाच समजावणारं औषध नाही का काही?" ताईचा पेशींवरचा राग अजून गेला नव्हता.

"शोधतायत. प्रयोगशाळांत काम चालू आहे, काही चाचण्याही. उद्या येईल कदाचित. माझ्या कपाटात आज नाही, आणि किडनी उद्यासाठी थांबत नाही."

ऑपरेशनसाठी त्यांनी दिला तो दिवस नव्या नाटकाच्या पहिल्याच आठवड्यात येत होता. बाहेर पडताना कुजबूजने जिन्यात सांगितलं, "ताई, पुढे ढकलूया. आठवडा दोन आठवडे."

"वेड लागलंय का तुला?"

"नाटक लागलंय."

यामागे काका होते. कंपनीतले सगळ्यांत मोठे नट, आणि लहानथोर सगळ्यांचे काका. त्यांची कीर्ती त्यांच्या बोलण्यापेक्षा त्यांच्या थांबण्याची होती. नव्या नाटकात ते बाप होते. शेवटच्या प्रवेशात मुलगी विचारते, "तुम्हाला माहीत होतं?" आणि बाप थांबतो. सगळं नाटक त्या थांबण्यापर्यंत जाण्यासाठी लिहिलेलं. मग तो म्हणतो, "माहीत होतं," आणि पडदा. तालमीच्या पहिल्याच दिवशी काकांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं होतं, "डाव्या विंगेत कुजबूज असेल तरच मी इतका वेळ उभा राहणार. ती नसेल तर दुसरा बाप शोधा." सगळे हसले होते. तीही हसली होती, आणि घरी जाताना त्या वाक्याची तिला ऊब वाटली होती. आता तेच वाक्य तिला पट्ट्यासारखं आवळत होतं. खुर्चीवर एकदा दुसरं कुणी बसलं आणि जमलं, तर? तिने दवाखान्यात फोन करून सर्दी झाल्याचं सांगितलं. कंपनीत विचारणाऱ्यांना पित्त सांगितलं. पित्त हे तिचं जुनं, वापरून मऊ झालेलं खोटं होतं.

त्यानंतरचे दिवस तिने दोन शत्रूंमध्ये काढले. एक जो बोलायचा आणि एक जो बोलत नव्हता. पोटातला टॉवेल पिळला जायचा तेव्हा बरं वाटावं अशी उलटी गत झाली होती, निदान तो समोर येऊन लढत होता. पण डावी कमर गप्प होती. बस थांब्यावर, भाजी निवडताना, केस विंचरताना ती त्या बाजूला कान लावून उभी असायची. जडपण वाढलं का? पाय सुजले का? पाणी जास्त प्यावं तर तुंबेल, कमी प्यावं तर वाळेल, म्हणून पेला हातात धरून तशीच बसायची. दुखण्यावरच्या गोळीची भीती, कारण गोळी किडनीला वाईट. गोळी न घेण्याचीही भीती, कारण प्रयोग. ताईने बोलणं सोडलं होतं. हिरव्या पावडरचा डबा तिने कचऱ्यात टाकला, पुन्हा बाहेर काढला आणि नळाखाली मोरीत ओतला. बराच वेळ हिरवं पाणी वाहत राहिलं.

"मीच पाजत होते," ती फक्त एकदा म्हणाली.

"तुझ्या पावडरने झालेलं नाही ग काही. शाळेपासूनचं आहे हे."

"शाळेत असताना तुझ्या शेजारच्या गादीवर मी झोपायचे, चिमे. तू रडायचीस आणि मी कूस बदलायचे."



नव्या नाटकाचा तो दुपारचा प्रयोग होता. थिएटर भरलेलं. दुसऱ्या अंकापर्यंत ती ठीक होती. शेवटचा प्रवेश सुरू झाला आणि टॉवेल पिळायला लागला, नेहमीसारखा नाही, एकदम, कमरेपर्यंत. तिने खुर्चीची कड धरली. काकांची पाठ तिच्यासमोर होती, तपकिरी कोटातली. मुलीने विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

काका थांबले.

एरवी ती त्या पाठीबरोबर श्वास घ्यायची. आज तिचा स्वतःचा श्वासच सापडत नव्हता. पाठ दिसत होती, पण तिचं काही कळत नव्हतं. कोट म्हणजे नुसता कोट झाला. शांतता लांबत गेली, खूप लांबत गेली, की तसं फक्त तिला वाटलं? काकांची बोटं हलली का? कोटाच्या शिवणीवर काहीतरी हललं. कुणीतरी खोकलं. तिच्या आत सगळं वर गळ्याशी आलं, आणि तिला वाटलं, ते पडतायत, ते पडतायत, आणि तिने हात पुढे करावा तसं वाक्य पुढे केलं.

"माहीत होतं."

आवाजही चुकला. दुखण्याने तो वर ढकलला. पहिल्या तीन-चार रांगांनी ऐकलं. एक बाई हसली, मग तिच्याबरोबर आणखी कुणी. काकांनी मान किंचित डावीकडे वळवली, जी नाटकात वळवायची नव्हती, आणि मग ते वाक्य म्हणाले. आधीच कुणीतरी वापरलेलं वाक्य. पडदा पडला.

मेकअपच्या खोलीत काका आरशासमोर कोट न काढता बसले होते. ती दारात उभी राहिली.

"मी विसरलो नव्हतो," ते आरशाला म्हणाले.

"माहीत आहे, काका."

"हो, हो. तुला सगळंच माहीत असतं. मोठ्याने माहीत असतं."

"मला वाटलं तुम्ही..."

"काय वाटलं? म्हातारा झालो? अग, ती पोरगी माझ्याकडे बघत होती, डोळ्यांत पाणी आलं होतं तिच्या, खरं पाणी, नेहमीसारखं ग्लिसरीन नाही. अजून थोडं थांबलो असतो तर संपूर्ण थिएटर माझ्या मुठीत होतं. मी मागितली होती का मदत?" आता ते वळले. "तू! दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी शिव्या घालून मोकळा झालो असतो. पण तू?"

तिने चौकट धरली. खोटं तोंडात तयार होतं, मऊ, नेहमीचं. मग ते तिला एकाएकी बेचव वाटलं.

"पाळीच्या दुखण्याने मरत होते मी तेव्हा," ती म्हणाली. "पोटात. दर महिन्याला असतं. शाळेपासून."

काकांनी नजर काढून घेतली. पावडरच्या डबीचं झाकण लावायला लागले, उघडायला लागले. "असं बघ... ते तुम्हा बायकांचं... म्हणजे सगळ्यांनाच असतं ना ते? आमच्या हिलाही असायचं. गरम पाण्याची पिशवी वगैरे..."

"आणि डावी किडनी जायला आली आहे."

झाकण थांबलं.

"काय?"

"किडनी. त्याच आजाराने. ऑपरेशन आहे. मी पुढे ढकललंय."

"किडनी!" काका उभे राहिले. दारापलीकडून मॅनेजर डोकावला. "किडनी? कुणाची किडनी?" वेशभूषेवाली आली. कुणीतरी स्टूल आणलं, कुणीतरी पाणी. मॅनेजर तिथल्या तिथे म्हणाला की उद्यापासून यायचं नाही, रजा मंजूर, वर हेही की त्याच्या साडूला मुतखडा झाला होता तेव्हा किती हाल झाले होते. ती स्टुलावर बसून सगळ्यांकडे बघत होती. इतकी वर्षं तिच्या पोटात जे चाललं होतं त्याला या खोलीत बसायला जागा नव्हती. किडनीला लगेच स्टूल मिळालं. तिला हसू आलं आणि राग आला, दोन्ही एकदम, आणि राग आधी बाहेर पडला.

"पाळीसाठीही कधी स्टूल देत जा," ती म्हणाली.

सगळे गप्प झाले. ही शांतता तिने बरोबर ओळखली, आणि तिच्यात दुसरं वाक्य टाकलं नाही.

काकांनी शेवटी कोट काढला. "कधी आहे?"

"मी फोन केला की देतील तारीख."

"मग माझ्या तोंडाकडे काय बघतेस? कर."

"आणि तुम्ही? शेवटचा प्रवेश?"

"दुसरा बाप शोधतील," काका म्हणाले, पण विनोद जमला नाही. काढलेला कोट ते पुन्हा अंगात चढवत होते, हे तिने पाहिलं. ते घाबरले होते. तिच्यासाठी नव्हे, किंवा फक्त तिच्यासाठी नव्हे. त्या रिकाम्या खुर्चीला ते तिच्याइतकेच घाबरत होते. इतक्या वर्षांत हे तिला कधी कळलं नव्हतं, कारण त्यांची तोंडाकडची बाजू तिला कधी दिसतच नसे.

तिने त्या स्टुलावर बसूनच फोन केला. सर्दी गेली, म्हणाली.

ऑपरेशन सकाळी होतं. खालून चाकं करकरणाऱ्या गाडीवरून तिला नेलं, आणि एका चाकाखाली रबर घालावं असं तिच्या मनात आलं. ताई दारापर्यंत हात धरून होती. आत डॉक्टरीणबाईंचे फक्त डोळे दिसत होते. "काही विचारायचंय?" त्यांनी विचारलं. तिने एकच विचारलं, ती वाचेल ना, ती गप्प बसलेली किडनी. डॉक्टरीणबाई थोडं थांबल्या. उत्तर त्यांच्याकडे नव्हतं हे तिला दिसलं, आणि त्यांनी खोटं दिलं नाही, याचं बरं वाटलं. "आत जाऊन बघूया," त्या म्हणाल्या.

शुद्धीवर आली तेव्हा पोटावर चार छोट्या पट्ट्या होत्या आणि बाजूला लघवीची पिशवी. ताई तिच्याकडे बघायच्या आधी पिशवीकडे बघत होती, दूध उतू जातंय का बघावं तसं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की नळी मोकळी झाली आहे, आत बारीक नळी ठेवली आहे, ती नंतर काढायची. किडनी थकली आहे, पण काम करते आहे. पूर्वीइतकं करेल की नाही, हे पुढच्या तपासण्यांत कळेल. आणखी उशीर झाला असता तर तपासायला काही उरलं नसतं. सफाईच्या पेशींचा स्वभाव ऑपरेशनने बदलत नाही, त्यामुळे गोळी चालू, लक्ष चालू. मुळापासून बरं झालं, हे शब्द त्या म्हणाल्या नाहीत. तिने वाट पाहिली, पण म्हणाल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकांचा फोन आला. ताईने तिच्या कानाला लावला. मागे आरशांच्या खोलीतला गलका ऐकू येत होता.

"कुजबूज? बोलू नकोस, टाके ताणतील. ऐक. काल विसरलो."

"काय?"

"बोलू नकोस म्हटलं ना. शेवटचा प्रवेश. पोरीने विचारलं, आणि माझं डोकं कोरं. खरोखर कोरं. डावीकडे बघितलं, खुर्ची. रिकामी. दिवा तेवढा कुणीतरी लावून ठेवलेला."

"मग?"

"मग काय, उभा राहिलो. काहीच नव्हतं माझ्याकडे, उभं राहण्याशिवाय. किती वेळ, देव जाणे. शेवटी आलं आपोआप. कुणालाच कळलं नाही, कुजबूज. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते." जरा थांबून ते म्हणाले, "मी मात्र घामाने न्हालो होतो."

तिला हसू आलं आणि टाके खरंच ताणले. मग तिला भीती वाटली. जमलं होतं. तिच्याशिवाय जमलं होतं. खुर्चीबद्दल विचारावं असं जिभेवर आलं.

पलीकडून काकांचा श्वास ऐकू येत होता. ते थांबले होते. तिने फोन कानाशी घट्ट धरला आणि तो श्वास वरचा आहे की खालचा, ते ऐकू लागली. शेजारी पिशवीत एक थेंब पडला, मग दुसरा. ताईने मान डोलावली. काका अजून थांबलेलेच होते. तिने काही सुचवलं नाही.

"परत कधी येतेस?" ते म्हणाले.